सामूहिक काल्पनिक कथेतील युद्धाची आखणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या गटाने आमच्याकडून युद्धनकाशा तयार करून घेतला आहे किंवा युद्धापुरता तटस्थ सूत्रधार मागितला आहे, म्हणून हे पत्रक आपल्या हाती देत आहोत. नकाशावर पहिली सोंगटी ठेवण्याआधी गटातील प्रत्येक लेखकाने ते एकदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. दरबारातील कारस्थाने, प्रवास, प्रेम, सूड हे सारे लिहिता लिहिता सुचत गेले तरी रोलप्लेची, म्हणजे प्रत्येक लेखकाने आपापले पात्र किंवा राज्य चालवून मिळून लिहिलेली, कथा निभावून जाते. युद्धाचे तसे नाही. युद्धात दोन लेखकांना एकाच वेळी परस्परविरोधी गोष्टी खऱ्या व्हायला हव्या असतात, आणि त्यांतले खरे काय याचा निवाडा कोणी आधी लिहिले किंवा कोणाची लेखणी अधिक जोरकस आहे यावर सोडला, तर पात्रांमधले वैर लेखकांमध्ये शिरते.

आमच्याकडे आलेल्या एका गटात नेमके हेच घडले होते. एकाने लिहिले की आपली फौज पहाटे नदीवरचा पूल ओलांडून गडाच्या दाराशी येऊन थडकली, आणि त्याच रात्री दुसऱ्याने लिहिले होते की माघार घेताना आपल्या माणसांनी तो पूल जाळला. दोन्ही परिच्छेद सुरेख होते. पण पूल लाकडी की दगडी, तो जाळायला किती वेळ लागेल, आदल्या संध्याकाळी फौजेचा तळ पुलापासून किती अंतरावर होता, यांतले काहीच कुठे नोंदलेले नव्हते, त्यामुळे वाद मिटवायला आधारच उरला नाही आणि दोन वर्षे चाललेली कथा त्या पुलापाशी थांबली ती कायमची. आम्हाला बोलावले तोवर उशीर झाला होता, याची हळहळ आजही वाटते. आमची सारी कार्यपद्धती त्या पुलावरून सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

आधी हेतू, मग फौज

बहुतेक गट सैन्याच्या आकड्यांपासून सुरुवात करतात. आमचा आग्रह असा की प्रत्येक राज्याच्या लेखकाने प्रथम दोन वाक्ये लिहावीत: या युद्धातून आपल्या राज्याला काय हवे आहे, आणि कोणत्या क्षणी ते हात आखडता घेईल. शत्रूचा समूळ नाश हा हेतू लिहायला सोपा असतो, पण त्यातून कथा पुढे सरकत नाही. खिंडीवरचा जकातीचा हक्क, ओलीस ठेवलेला राजपुत्र, एका बंदराचा ताबा असे मोजता येण्याजोगे हेतू असले की तह, फितुरी आणि तडजोड यांना जागा राहते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजापुढचे सहा मार्ग सांगितले आहेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. म्हणजे तह करणे, वैर पत्करणे, स्वस्थ बसून वाट पाहणे, चाल करून जाणे, बलवानाचा आश्रय घेणे, आणि एकाशी तह ठेवून दुसऱ्याशी लढणे. या सहांपैकी प्रत्यक्ष कूच फक्त एकात आहे. लहान राज्य चालविणाऱ्या लेखकाला आपल्याजवळ करण्यासारखे काही उरले नाही असे वाटू लागते, तेव्हा आम्ही त्याच्यापुढे हीच यादी ठेवतो.

दाणागोटा आणि अंतर

या पत्रकातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचावा. दहा हजार पायदळ आणि दोन हजार घोडेस्वारांची मध्यम आकाराची फौज घेऊ. माणशी रोज साधारण एक किलो धान्य धरले तर स्वारांसह बारा हजार किलो झाले. घोड्याला रोज सुमारे पाच किलो चंदी लागते, म्हणजे आणखी दहा हजार किलो. वैरण आणि पाणी यांचा हिशेब वेगळाच, कारण एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो. एका बैलगाडीत पाचशे किलो माल धरला तरी या फौजेला दररोज चव्वेचाळीस गाड्या धान्य पुरवावे लागते.

आता गाडी कोठारापासून किती लांब जाऊ शकते ते पाहू. दोन बैल मिळून दिवसाला वीस किलो चारा-दाणा खातात आणि गाडीवान एक किलो खातो, असे धरले तर गाडी रोज एकवीस किलो स्वतःच खर्च करते. गाडीची मजल दिवसाला पंधरा किलोमीटर असेल आणि तळ दीडशे किलोमीटरवर असेल, तर जायला दहा दिवस व परतायला दहा दिवस लागतील, आणि वाटेत कुरण नसेल तर वीस दिवसांत चारशे वीस किलो माल वाटेतच संपेल. पाचशे किलो घेऊन निघालेली गाडी फौजेच्या पदरात ऐंशी किलो टाकते. वाटेत गवत मिळाले तर हे चित्र बरेच सुधारते, नदीतून नावांनी रसद नेली तर पूर्णच बदलते, आणि म्हणूनच खऱ्या इतिहासातील सेनापती नद्यांना, सुगीच्या हंगामाला आणि कोठारांना इतके जपत आले. आपल्या काल्पनिक जगातही नदी कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न एखाद्या जादुई तलवारीइतकाच महत्त्वाचा असू शकतो, आणि आमच्या मते तो अधिक रंगतदार असतो.

इतिहास याची साक्ष देतो. १८१२ च्या जूनमध्ये नेपोलियनने नीमन नदी ओलांडून रशियात प्रवेश केला, आणि उपासमार, रोगराई व पळापळ यांनी त्याच्या फौजेची मोठी गळती मॉस्को गाठण्याआधी, उन्हाळ्यातच झाली. कडाक्याची थंडी नंतर आली. १७६० च्या शरद ऋतूत अब्दालीने यमुना ओलांडून मराठी फौज आणि दिल्ली यांच्यामध्ये तळ दिला तेव्हा पानिपतावरची रसद आटत गेली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी माणसे व खंगलेले घोडे घेऊन लढाईला उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्या तळावर लढवय्यांखेरीज बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगेही होते, आणि त्यांचीही पोटे होतीच. कथेतील फौजेबरोबर किती न लढणारी माणसे चालली आहेत, हे लेखकांनी अवश्य ठरवावे. हृदयाला भिडणारे प्रसंग पुष्कळदा त्यांच्यातूनच मिळतात.

फौज म्हणजे नकाशावरचा एक ठिपका नव्हे, हेही ध्यानात असावे. वरचेच दहा हजार पायदळ चार-चारच्या रांगेत निघाले आणि दोन रांगांत दोन मीटर अंतर ठेवले तर पाच किलोमीटरची रांग होते. जोडीजोडीने चालणारे दोन हजार स्वार आणखी चार किलोमीटर घेतात, आणि दहा दिवसांचे धान्य वाहणाऱ्या साडेचारशेच्या आसपास गाड्या साडेचार किलोमीटर. बिनीची तुकडी मुक्कामाच्या जागी पोहोचते तेव्हा शेवटची गाडी अजून तेरा-चौदा किलोमीटर मागे धूळ खात असते. छापा कुठे घालावा हे ज्याला शोधायचे आहे, त्याने या रांगेकडे पाहावे.

बातमीला लागणारा वेळ

कथा लिहिणाऱ्याला सगळे माहीत असते, पात्राला नसते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील शांतता करारावर २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंट येथे सह्या झाल्या, आणि ती बातमी समुद्र ओलांडून पोहोचली नव्हती म्हणून ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लीन्सची लढाई झाली. आमच्या नकाशावर आम्ही कूच करण्याच्या वाटांबरोबर जासुदांच्या वाटाही निराळ्या रंगात दाखवितो. एकटा स्वार एकाच घोड्यावर दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जाईल. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे ठेवले तर त्याच्या दुपटीहून अधिक. मंत्राने किंवा पक्ष्यांकरवी निरोप जाणार असतील तर त्यांची गती, मर्यादा आणि ते पकडले जाण्याची शक्यता यांची नोंद युद्धाआधी करावी.

जादू आणि अद्भुत प्राणी

जादूला आमचा विरोध नाही. तिच्यासाठीच तर लोक या कथा लिहितात. पण प्रत्येक चमत्काराला माणसे, माल आणि वेळ यांच्या हिशेबात बसविले की तो अधिक विश्वसनीय होतो. समजा, मांत्रिकाने दूरच्या शहरात उघडणारे द्वार निर्माण केले आणि त्यातून दर पाच सेकंदांना एक माणूस जाऊ शकतो. दहा हजार माणसांना पलीकडे जायला पन्नास हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ चौदा तास लागतील. त्या चौदा तासांत पलीकडे उतरलेली पहिली हजार माणसे एकटी असतात, आणि तिथेच एक सबंध प्रकरण लिहून होते. वीस ड्रॅगन रोज एकेक बैल खाणार असतील तर महिन्याला सहाशे बैल, म्हणजे तीनशे गाड्यांच्या जोड्या संपल्या. ड्रॅगन पाळणारा राजा आपल्याच रसदीचा वैरी ठरतो. अशी उत्तरे बंधनासारखी वाटतात खरी, पण ती हाती आली की लेखक हटकून नवे काही सुचवू लागतात, असा आमचा अनुभव आहे.

सूत्रधार कशासाठी

१८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी गेओर्ग फॉन रायस्वित्झ याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवर काम करून लष्करी प्रशिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा, दोन मिनिटांची एक फेरी, लेखी हुकूम, फासे, आणि मध्ये बसलेला पंच अशी त्याची मांडणी होती. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत आणि ज्या तुकड्या प्रत्यक्ष दिसू शकतात तेवढ्याच सोंगट्या पंच नकाशावर मांडत असे. आमची सेवा याच कल्पनेवर उभी आहे. आपली गुप्त योजना प्रतिस्पर्धी लेखकाला न कळता आमच्या सूत्रधाराकडे लेखी येते. तो दोन्ही बाजूंचे हुकूम समोर ठेवून कोणाला काय दिसले, काय ऐकू आले आणि काय कळले नाही, हे प्रत्येकाला वेगवेगळे कळवितो. सूत्रधाराचे स्वतःचे एकही पात्र त्या कथेत नसावे, ही आमची अट आहे व ती आम्ही शिथिल करीत नाही.

लढाईचा निकाल ठरविताना फासे असतातच, पण त्याआधी एक साधा हिशेब होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने दाखविले की प्रत्येक योद्धा समोरच्या कोणावरही मारा करू शकत असेल, तर बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. सारख्याच कसबाचे एक हजार धनुर्धर सहाशे धनुर्धरांशी मोकळ्या मैदानात शेवटपर्यंत लढले, तर हजाराच्या वर्गातून, म्हणजे दहा लाखांतून, सहाशेचा वर्ग तीन लाख साठ हजार वजा जाऊन सहा लाख चाळीस हजार उरतात, ज्याचे वर्गमूळ आठशे. म्हणजे दोनशे माणसे गमावून मोठी बाजू सहाशेंना संपविते. तीच माणसे तलवारी घेऊन अरुंद खिंडीत एकास एक भिडली तर मोठ्या बाजूची सहाशे माणसे पडतात आणि चारशेच उरतात. दुबळ्याने खिंड का शोधावी, याचे याहून स्वच्छ उत्तर आम्हाला ठाऊक नाही. प्रत्यक्षात कोणतीही फौज शेवटच्या माणसापर्यंत लढत नाही, ती त्याआधीच मोडते. म्हणून प्रत्येक तुकडी किती हानी सोसून टिकेल हा आकडाही आम्ही सुरुवातीलाच मागून घेतो.

पात्रांच्या मृत्यूबद्दल एवढेच सांगतो की ज्याचे पात्र, त्याची संमती हा नियम आम्ही पाळतो. संमती नसेल तर सूत्रधार जखम, कैद किंवा बेअब्रू यांपैकी पर्याय देतो. मात्र लढाई हरल्याचा परिणाम कोणालाच टाळता येत नाही.

आमच्याकडे काय पाठवावे

काम सुरू करण्यासाठी प्रत्येक राज्याचा हेतू, सैन्याची मोजणी, कोठारांच्या जागा, कथेतील ऋतू आणि जादूच्या मर्यादा एवढे लेखी हवे. त्यानंतर दर फेरीला एक हुकूम पाठवावा. चांगला हुकूम कसा असतो, याचा नमुना असा: ‘तिसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेचे दोनशे स्वार लाकडी पुलाकडे निघतील. सोबत चार दिवसांची चंदी. पूल उभा असल्यास तो धरून ठेवावा. जळालेला असल्यास वरच्या अंगाला नदी पायी ओलांडता येईल असा उतार शोधावा. शत्रू दुपटीहून अधिक दिसल्यास न लढता परतावे.’ यात वेळ आहे, माणसे आहेत, दाणा आहे, आणि अंदाज चुकला तर काय करायचे तेही आहे. ‘शत्रूवर विजय मिळवावा’ असा हुकूम आम्ही परत पाठवितो. एकदा सूत्रधाराच्या हाती पडलेला हुकूम मागे घेता येत नाही. बदल हवा असल्यास आपल्या पात्राने नवा जासूद रवाना करावा, आणि तो त्या दोनशे स्वारांना पुलाआधी गाठेल की पुलानंतर, हे नकाशावरचे अंतर मोजून कळविले जाईल.