श्वास अडतो कुठे, घशात की मेंदूत?

1980 साली सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली आणि हवा ओढण्याऐवजी झोपलेल्या रुग्णाच्या नाकात सोडली. तोवर गंभीर स्लीप अ‍ॅप्नियावर, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजारावर, खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणे. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग छापून आला. आजचं सीपॅप मशीन ते हेच.

झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि घसा मिटतो. सीपॅप घशाला आतून हवेचा टेकू देतं. हा दाब साधारण 4 ते 20 सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. वातावरणाचा दाब याच मापात हजाराच्या वर जातो, म्हणजे टेकू फार तर दोन टक्क्यांचा. तेवढा पुरतो.

मात्र कुशीवर झोपताना 7 सेंटिमीटर दाब पुरणाऱ्या माणसाला पाठीवर वळताच 12 लागू शकतात. स्वप्नांच्या झोपेत स्नायू आणखी ढिले पडतात, तेव्हाही दाब वाढवावा लागतो. म्हणून ऑटो मशीन आलं. ते श्वासाचा प्रवाह पाहून दाब कमी-जास्त करतं. अतिस्थूल रुग्णांत कधी कधी घसा उघडला तरी श्वास उथळच राहतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तिथे बायपॅप उपयोगी पडतं: श्वास घेताना दाब जास्त, सोडताना कमी.

खरी गंमत पुढे आहे. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, छाती-पोटाला पट्टे बांधतात. घसा बंद असेल तर हवा थांबते, पण पट्टे हलत राहतात. शरीर धडपडत असतं. काहींचे मात्र पट्टेही शांत असतात. मेंदूने श्वास घ्यायचा हुकूमच दिलेला नसतो! हा सेंट्रल अ‍ॅप्निया; हृदय कमकुवत असलेल्यांत आणि अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्यांत तो दिसतो. इथे घशाला टेकू देऊन काय होणार? तासाला 30 वेळा श्वास अडला, हा आकडा दोघांच्याही रिपोर्टवर सारखाच दिसेल. माझ्या मते नुसत्या त्या आकड्यावर मशीन लिहून देणं हा अर्धवट इलाज आहे.

सेंट्रल अ‍ॅप्निया असणाऱ्यांसाठी एएसव्ही नावाचं हुशार मशीन निघालं. श्वास मंदावला की ते आधार वाढवतं. कागदावर सगळं बिनचूक होतं. 2015 साली ‘सर्व्ह-एचएफ’ चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाची पंपिंग क्षमता 45 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या, मुख्यतः सेंट्रल अ‍ॅप्निया असणाऱ्या रुग्णांचे श्वास मशीनवर सुधारले, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र वाढले. तेव्हापासून अशा रुग्णाला एएसव्ही लावण्याआधी डॉक्टर त्याचा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट मागतात.

उलट प्रकारही घडतो. घशाचाच आजार असलेल्या काहींना सीपॅप लावल्यावर सेंट्रल अ‍ॅप्निया दिसू लागतो. लगेच मशीन बदलायची घाई नको. बहुतेकांत तो काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.