मेटल डिटेक्टरची कॉइल आणि सेटिंग

जमिनीत किंवा वाळूत गाडली गेलेली धातूची वस्तू शोधताना डिटेक्टरला कोणती कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) लावायची आणि यंत्र कसे जुळवायचे, यासंबंधीचे तंत्र. ब्रिटनमध्ये हा छंद चांगलाच रुजला आहे. नांगरलेल्या शेतात जुनी नाणी, बटणे, बकले शोधतात; ओहोटीच्या वाळूत हरवलेल्या अंगठ्या.

कॉइलमधल्या बदलत्या प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. १८८१ साली अलेक्झांडर ग्राहम बेलने याच तत्त्वावर अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधून पाहिली. ती सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला असे मानतात. जुन्या शेतात अशा स्प्रिंगांची जागा गंजके खिळे घेतात.

मोठी कॉइल खोल जाते, पण मोठ्या वस्तूंसाठी. पंधरा इंची कॉइलखाली एकाच वेळी चार खिळे आणि एक चांदीचे नाणे आले, तर कानात नुसती घरघर येते. सहा इंची कॉइल त्याच जागी नाणे वेगळे ऐकवते. साधारण अकरा इंची कॉइलवर बहुतेकांचे भागते. आकाराइतकीच रचनाही महत्त्वाची. एकात एक वेटोळी असलेल्या कॉन्सेंट्रिक कॉइलचे क्षेत्र खाली निमुळते होते. इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेल्या डबल-डी कॉइलचे पात्यासारखे उभे असते, म्हणून खनिजयुक्त मातीत ती कमी गोंधळते. संशय आला की वस्तूभोवती काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवावी. खिळ्याचा आवाज बहुधा तुटतो, नाण्याचा टिकतो.

सामान्य यंत्रे सुमारे ३ ते ३० किलोहर्ट्झवर चालतात. कमी वारंवारता चांदी-तांब्याच्या मोठ्या नाण्यांना सोयीची, जास्त वारंवारता बारीक सोन्याला. नको त्या धातूचा आवाज गाळणारे डिस्क्रिमिनेशन मात्र जपून वापरावे. पातळ सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यंत्राला जवळजवळ सारख्याच भासतात. कडी गाळली की अंगठीही गेली.

समुद्रकिनारी हिशेब बदलतो. कोरड्या वाळूत कोणतेही बरे यंत्र चालते; ओल्या वाळूतले खारे पाणी मात्र स्वतःच वीजवाहक असल्याने एका वारंवारतेचे यंत्र उगीच किणकिणत राहते. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी उतरवावी आणि ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद गाळण्याची जुळणी) ओल्या वाळूवरच करावा. नवखे नेमके उलट करतात. अनेक वारंवारता एकदम वापरणारे यंत्र इथे उपयोगी पडते. पल्स इंडक्शन यंत्र त्याहून निराळे: ते प्रवाहाचा झटका देऊन थांबते, तोवर मिठाचा प्रतिसाद विरतो आणि धातूचा उरतो. खोली चांगली मिळते, पण लोखंड नीट ओळखता येत नाही. केसांच्या पिनेसाठीही खणावे लागते. कोकणातला जांभा लोहयुक्त असतो आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू सापडते. अशा जागी ग्राउंड बॅलन्स वरचेवर तपासणे भाग आहे.

इंग्लंडमध्ये १९९६च्या कायद्यानुसार 'ट्रेझर' (कायद्याच्या व्याख्येतला मौल्यवान ठेवा) ठरू शकणारी वस्तू सापडल्यास १४ दिवसांत कोरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावी लागते. भारतात १८७८चा निखात निधी कायदा लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.