त्रिमुकुट हेवीवेट अजिंक्यपद

जपानमधील ‘ऑल जपान प्रो रेसलिंग’ या व्यावसायिक कुस्ती संस्थेचे सर्वोच्च अजिंक्यपद. जपानी भाषेत त्याला ‘सानकान’, म्हणजे तीन मुकुट, असे म्हणतात. इंटरनॅशनल, पीडब्ल्यूएफ (पॅसिफिक रेसलिंग फेडरेशन) आणि युनायटेड नॅशनल ही तीन स्वतंत्र अजिंक्यपदे 1989 मध्ये एकाच मल्लाकडे येऊन ते निर्माण झाले.

या तिघांत सर्वांत मानाचा पट्टा इंटरनॅशनलचा होता. जपानी व्यावसायिक कुस्तीचा पाया घालणारा रिकिदोझान याने 1958 मध्ये लॉस एंजेलिस येथे अमेरिकन मल्ल लू थेझ याला हरवून तो मिळवला. 1963 मध्ये रिकिदोझानचा मृत्यू झाला आणि पुढे 1965 मध्ये त्याचा शिष्य जायंट बाबा त्या पदावर आला. याच बाबाने 1972 मध्ये ऑल जपान ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी पीडब्ल्यूएफ अजिंक्यपद सुरू केले. युनायटेड नॅशनलचा पट्टा 1971 मध्ये अंतोनियो इनोकीकडे होता. 1976 मध्ये ऑल जपानने त्याचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा तो तरुण जंबो त्सुरुताकडे आला.

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरवलेला असतो. त्यामुळे पदाचे मोल ते कोणाकडे, किती काळाने आणि कशा लढतीतून जाते यावर ठरते. एकाच संस्थेत तीन प्रमुख पदे असल्याने खरा अग्रमल्ल कोण, हे प्रेक्षकाला कळत नव्हते. शिवाय मोठ्या लढती दोघेही मल्ल रिंगणाबाहेर राहून अनिर्णित संपत. एप्रिल 1988 मध्ये ब्रूझर ब्रोडी आणि गेनिचिरो तेनर्यू यांच्यातील एकीकरणाची लढतही अशीच निकालाविना राहिली. अखेर 18 एप्रिल 1989 रोजी टोकियोतील ओता वॉर्डाच्या क्रीडागृहात इंटरनॅशनल विजेत्या त्सुरुताने, इतर दोन पदे बाळगणाऱ्या स्टॅन हॅन्सनला हरवले.

यानंतरचे दशक हा या पदाचा सर्वोत्तम काळ मानावा लागेल, कारण लढत स्पष्ट विजयानेच संपावी हा आग्रह संस्थेने धरला आणि पराभवाला पुन्हा अर्थ आला. मित्सुहारू मिसावाने ऑगस्ट 1992 मध्ये हॅन्सनकडून हे पद घेतले आणि जवळपास दोन वर्षे राखले. 3 जून 1994 रोजी निप्पॉन बुदोकानमध्ये त्याने तोशिआकी कावादाविरुद्ध केलेला पदाचा बचाव आजही जपानी कुस्तीतील आदर्श लढतींमध्ये गणला जातो. ते दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी होते. मिसावाविरुद्ध या पदासाठी वारंवार हरलेल्या कावादाने 1 मे 1998 रोजी टोकियो डोममध्ये त्याला हरवून ते मिळवले, आणि त्या विजयामागे अनेक वर्षांच्या अपयशाचे वजन होते.

बाबाच्या निधनानंतर 2000 मध्ये मिसावा बहुतेक मल्लांसह बाहेर पडला व त्याने ‘नोआ’ ही संस्था स्थापन केली. तेव्हाचा विजेता केंता कोबाशीही गेल्याने पद रिक्त झाले; ते त्याच वर्षी ऑल जपानमध्ये परतलेल्या तेनर्यूने जिंकले. 2001 मध्ये प्रतिस्पर्धी न्यू जपान संस्थेच्या केइजी मुतोने ते घेतले, तर फेब्रुवारी 2005 मध्ये सातोशी कोजिमाने न्यू जपानचे आयडब्ल्यूजीपी अजिंक्यपदही मिळवून दोन्ही संस्थांची सर्वोच्च पदे एकाच वेळी धारण केली.

एकीकरणानंतरही तिन्ही जुने पट्टे वितळवून एक केले गेले नाहीत; विजेता ते तिन्ही घेऊनच रिंगणात येई आणि प्रत्येकाची परंपरा त्यामुळे डोळ्यांसमोर राही. 2013 मध्ये ते बाबाची पत्नी मोतोको यांच्याकडे परत देण्यात आले आणि त्यांच्या जागी एकच नवा पट्टा आला.