'पोरगं सहाव्या महिन्यात खचतं' हे कुठून आलं?

नागपूरच्या सीताबर्डीत परदेशी शिक्षणाच्या सेमिनारला बसलात की फळ्यावर हमखास 'यू' आकाराची रेघ निघते. पहिले महिने मजेचे, मग पोरगं खचतं, मग सावरतं. पालक ते घोकूनच घरी येतात.

रेघेचं मूळ १९५५ च्या अभ्यासात आहे. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० शिष्यवृत्तीधारकांशी बोलून पाहिलं. सहा महिन्यांहून कमी किंवा दीड वर्षाहून जास्त राहिलेले तिथे बरे रुळले होते, मधले कमी. पण ही वेगवेगळी माणसं! एकाच विद्यार्थ्याचा महिन्यामहिन्याचा माग यात नव्हताच.

तो माग १९९८ च्या अभ्यासात सापडतो. कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला पोचलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पहिल्या चोवीस तासांत गाठलं, मग वर्षभर पुन्हा पुन्हा विचारलं. सर्वांत जास्त त्रास सुरुवातीलाच निघाला.

आणि ते पटण्यासारखंच आहे. जर्मनीत शनिवारी रात्री उतरलेल्या पोराला रविवारी किराण्याचं दुकान बंद मिळतं, त्यात हिटर कसा लावायचा तेही कळत नाही. यात मजा कसली? उलट केरळहून इथे व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात आलेल्याचा खरा कस मे महिन्यात, ४५ अंशांत लागतो. म्हणजे त्रास कधी होणार ते जागेवर ठरतं, रेघेवर नाही.

घोळ असा की पहिल्या आठवड्यातलं रडणं घरचे 'नाटकं' म्हणून उडवतात. अन् सहाव्या महिन्यात पेपर राहिला, खोलीचं भाडं थकलं, तरी 'होतंच असं' म्हणून गप्प बसतात.