एकाच कीबोर्डवर अनेक संगणक: केव्हीएम स्विचची पार्श्वभूमी

‘कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ1 दाबा.’ जुन्या पीसीच्या पडद्यावर येणाऱ्या या सूचनेवर बरेच विनोद झाले, पण एकाच कीबोर्ड, मॉनिटर आणि माऊसवर अनेक संगणक चालवू देणाऱ्या पेटीच्या, म्हणजे केव्हीएम स्विचच्या, जन्माचं कारण तिच्यातच आहे. कीबोर्ड जोडलेला नसेल, तर पीसी सुरू व्हायलाच तयार नसे.

त्याआधीच्या, युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांना ही अडचण नव्हती. त्यांच्याशी बोलायचं ते सिरियल तारेवरून, अक्षरांच्या भाषेत. त्यामुळे एका टर्मिनलवरून, म्हणजे नुसत्या पडदा-कीबोर्डच्या जोडीवरून, अनेक यंत्रं सांभाळता येत. पीसी मुळात एका टेबलावर, एका माणसापुढे ठेवण्यासाठी घडवलेला. पुढे तोच स्वस्त पडतो म्हणून सर्व्हर म्हणून वापरात आला आणि प्रत्येक डब्यासोबत एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माऊस असा संसार खोलीत भरू लागला.

पहिला उपाय साधा होता: गोल खटका असलेली पेटी. खटका फिरवला की तारा एका संगणकावरून दुसऱ्याकडे वळत. चित्रापुरतं हे बरं चाले, फार तर मॉनिटरच्या जुन्या व्हीजीए जोडणीचा अ‍ॅनालॉग सिग्नल थोडा धूसर व्हायचा. खरी पंचाईत कीबोर्ड-माऊसची. आयबीएमने 1987 मध्ये आणलेली त्यांची पीएस/2 जोडणी चालू संगणकातून काढण्या-घालण्यासाठी बनलेलीच नव्हती. खटका फिरवणं म्हणजे संगणकाच्या दृष्टीने तार उपटणंच.

माऊसचे हाल तर बघण्यासारखे. पीएस/2 माऊस प्रत्येक हालचाल 3 बाइटांत कळवतो. चाकवाला माऊस आला तेव्हा चाकासाठी चौथा बाइट लागला. पण जुन्या संगणकांचा गोंधळ होऊ नये म्हणून ठरावीक क्रमाने आज्ञा मिळाल्या तरच तो 4 बाइट पाठवू लागतो. खटका फिरताना माऊसची वीज तुटली की तो पुन्हा 3 वर येई; संगणक मात्र 4 मोजत बसे. मग बाण पडद्यावर सैरावैरा धावे आणि न दाबलेली बटणं दाबली जात. चालू सर्व्हरवर असं होणं किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून पेटीला थाप मारायला शिकवावं लागलं. इलेक्ट्रॉनिक स्विचमधली चिप प्रत्येक संगणकाला सतत भासवते की कीबोर्ड आणि माऊस इथेच आहेत, जागेवर आहेत. संगणकाने विचारलं की उत्तर तीच देते. खटक्याच्या जागी स्क्रोल लॉक दोनदा दाबण्यासारख्या युक्त्या आल्या. नाहीतरी त्या बटणाला दुसरं काम उरलं नव्हतं. ‘केव्हीएम’ हे नाव, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस यांची आद्याक्षरं, 1995 मध्ये सायबेक्स कंपनीचे संस्थापक रेमिजियस शाटास यांनी रूढ केलं, असं मानलं जातं.

यूएसबीने तार काढण्या-घालण्याची भीती घालवली, पण प्रत्येक अदलाबदलीला संगणक उपकरणाची ओळख नव्याने करून घेतो आणि तेवढा वेळ हात बांधलेले. मॉनिटरचीही तीच तऱ्हा. तो आपली क्षमता ‘ईडीआयडी’ या छोट्या माहितीतून कळवतो. ती नाहीशी झाली की संगणक पडदा गेला असं समजून खिडक्या गोळा करतो. म्हणजे ही थापही स्विचनेच मारायची. स्वस्त आणि महाग स्विचमधला फरक बहुतेक इथेच असतो, पोर्टच्या संख्येत नव्हे.

याला समांतर वाट सॉफ्टवेअरची. 2001 मधल्या ‘सिनर्जी’ने खटकाच काढून टाकला: बाण एका पडद्याच्या कडेवरून सरकून शेजारच्या संगणकावर जातो, कीबोर्ड त्याच्या मागोमाग. अ‍ॅपलने 2022 मध्ये हीच सोय आपल्या मॅक आणि आयपॅडमध्ये दिली. मात्र इथे प्रत्येक संगणकाला स्वतःचा पडदा लागतो, आणि संगणक पूर्ण सुरू झालेला असावा लागतो. बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या अगदी पहिल्या टप्प्यात, अडकलेल्या यंत्रापुढे सॉफ्टवेअरचं काही चालत नाही.

तिथे आजही पेटीच लागते, फक्त तिची तार आता नेटवर्कवरून जाते. रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर चालणारा ‘पायकेव्हीएम’ संगणकाला यूएसबी कीबोर्ड म्हणून जोडला जातो आणि चित्र ब्राउझरमध्ये पाठवतो. कीबोर्ड सापडला म्हणून संगणक निर्धास्त सुरू होतो. खरा कीबोर्ड दुसऱ्याच शहरात, कुणाच्या तरी मांडीवरच्या लॅपटॉपला असतो.