देणगी आणि ‘डोनेशन’: बेळगावच्या कायदाशिक्षणामागचा पैसा

१९३९ साली बेळगावात लॉ कॉलेज निघालं आणि त्याला एका सरदेसायांचं नाव मिळालं. त्याआधी वकिली शिकायची तर पुणे-मुंबई, नाहीतर १९३३ नंतर कोल्हापूर. खानापूर-निपाणीकडच्या पोराला फीखेरीज खोली आणि खानावळीचाही खर्च असे. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलं, पण देणगीवर चालणाऱ्या संस्थांना लागू असलेला मुंबईचा १९५० चा सार्वजनिक न्यासांचा (ट्रस्टचा) कायदा या भागात पुढेही बरीच वर्षं चालू राहिला.

खरा गुंता झाला तो शब्दाचा. ऐंशीच्या दशकात कर्नाटकात विनाअनुदानित मेडिकल-इंजिनिअरिंग कॉलेजं वाढली आणि आपल्या बोलण्यात ‘डोनेशन’ म्हणजे प्रवेशासाठी मोजलेली रक्कम असा अर्थ पक्का झाला. ‘डोनेशन किती पडलं?’ हे लग्नाच्या पंगतीतही विचारलं जाई. कर्नाटकाने १९८४ मध्ये कायद्याने ही कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी घेतलेली जादा रक्कम, बंद केली. नाव काहीही द्या, ठरलेल्या फीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. १९९२ मध्ये कर्नाटकातल्याच एका मेडिकल कॉलेजच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. २००२ च्या अकरा न्यायमूर्तींच्या निकालाने संस्थांना फी ठरवायची मोकळीक दिली, कॅपिटेशनवरची बंदी मात्र कायम ठेवली. या सगळ्यात मनापासून दिलेली देणगीही संशयात आली, याचं मला फार वाईट वाटतं. ओळखायची खूण सोपी आहे: पैसे प्रवेशाआधी पालकाने दिले, की ज्याला त्या प्रवेशातून काहीच मिळायचं नाही अशाने?

या दुसऱ्या प्रकारच्या, मनापासून दिलेल्या पैशाच्या खुणा ग्रंथालयात सापडतात. वकील वारले की घरचे त्यांचे एआयआरचे (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या कोर्टांच्या निकालांच्या संग्रहाचे) खंड कॉलेजला देतात. पहिल्या पानावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असा शिक्का आणि समासात त्यांच्याच पेन्सिलीच्या खुणा. बक्षिसांसाठी असते ती कायम ठेव: मुद्दल मोडायचं नाही, व्याजच वापरायचं. हीच अट आता आड येते. ५,००० रुपयांची ठेव ६ टक्क्यांनी वर्षाला ३०० रुपये देते. त्यात एखादा बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेलं पुस्तक) कसाबसा बसतो. अट बदलायला देणगीदाराच्या वारसांना गाठावं लागतं, आणि ते पुण्या-मुंबईला.

२००९ पासून लॉ कॉलेजं हुबळीच्या कायदा विद्यापीठाखाली आली. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सनदेची, म्हणजे वकील म्हणून नोंदणीची फी ७५० रुपयांवर आणली, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. पहिला काळा कोट आणि गाऊन मात्र बहुतेकांना अजून घरच्याच पैशातून शिवावा लागतो.