भंगारातल्या तांब्याच्या कॉइलने पाणी तापवणं

जुना एसी, वॉटर कूलर किंवा बंद पडलेला गॅस गीझर खोलला की तांब्याची नळी निघते, तिचं वेटोळं करून चुलीच्या जाळात किंवा सोलरच्या काळ्या पेटीत बसवायचं, एका बाजूने गार पाणी सोडायचं, दुसरीकडून गरम घ्यायचं. बंबात मधे जाळ आणि भोवती पाणी असतं, इथे त्याच्या उलट, बाकी तत्त्व तेच. 15 लिटरची बादली 25 वरून 45 अंशांवर न्यायला साधारण 0.35 युनिट उष्णता लागते, तेवढी जाळाकडून काढून घेणं हेच कॉइलचं काम.

तांब्यातून उष्णता स्टेनलेस स्टीलपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने जाते हे खरं, पण नळी पातळ असली की धातूपेक्षा गरम धूर आणि नळीचा पृष्ठभाग यांच्यामधेच उष्णता जास्त अडते, म्हणून नळीची लांबी जास्त महत्त्वाची. तांब्याचा मोठा फायदा म्हणजे ते गंजत नाही आणि हाताने वाकतं (नळीत कोरडी वाळू ठासून वाकवली तर चेपत नाही).

भंगारात बघून घ्या, फ्रिजच्या पाठची काळी जाळी बहुतेक वेळा लोखंडी नळीची असते, आणि नव्या एसीत ॲल्युमिनियमचीही कॉइल येते. एसीच्या कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्या 660 अंशांना वितळतात म्हणून ती थेट जाळात घालायची नाहीच, सोलरला चालेल. आतला गॅस आधी मेकॅनिककडून काढून घ्यायचा, नवीन फ्रिजमधला गॅस तर पेट घेतो. नळीत कॉम्प्रेसरचं तेल राहतं, सांध्यांच्या जुन्या डाकात शिसं असू शकतं, त्यामुळे हे पाणी आंघोळीलाच, प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, गरम पाण्याच्या बाजूला कॉक कधीच लावू नका, ते तोंड कायम उघडं पाहिजे, कारण पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटीहून जास्त जागा मागते आणि कोंडली तर कॉइल फुटते, माणसं भाजतात. रिकामी कॉइलही जाळावर ठेवायची नाही, सांधे सुटतात. टाकीतलं पाणी पंपाशिवाय कॉइलमधून आपोआप फिरवायचं असेल तर टाकी कॉइलच्या वर हवी आणि गरम पाइप चढताच हवा, मधे खोलगट भाग आला की पाणी फिरायचं थांबतं, एसीची 9-10 मिलिमीटरची नळी तर यासाठी अरुंदच पडते, 15 किंवा 22 मिलिमीटरची बरी.

बोअरवेलच्या पाण्याने आत क्षारांचा थर धरतो आणि धार बारीक होत जाते, अशा वेळी जाळ विझवून, कॉइल गार झाल्यावर लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी काही तास भरून ठेवायचं आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं.